सहाशेच्या पुढे

४ ऑक्टोबर

धाकट्या,

'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण हात वळेना. तेवढं गाळून वाच.

तुझी चिठ्ठी मिळाली. सात वर्षांत पहिली, आणि तीही चार ओळींची. तुझ्या फोटोंचं पुस्तक निघतंय, मुखपृष्ठावर पुलावरचा फोटो आहे, तो नीट छापायचा तर मूळ निगेटिव्ह लागणार, आणि निगेटिव्ह ताईकडे. म्हणून ताईची आठवण झाली. नाहीतर मी जिवंत आहे की मेले, हे तुला कोण सांगणार होतं?

निगेटिव्ह आहे. डार्करूममधल्या पत्र्याच्या डब्यात, बटर पेपरच्या पाकिटात. एकतीस वर्षांत मी ती बाहेर काढलेली नाही, त्यामुळे ओरखडा नाही, बुरशी नाही. तू नेलास तो प्रिंट होता. त्या प्रिंटवर तू नाव काढलंस, बक्षिसं घेतलीस, आता पुस्तक. छान झालं.

फोटोखाली छापायचा मजकूर तू सोबत पाठवला आहेस. तो मी तीनदा वाचला. 'डिसेंबरची रात्र. वडील पुलाच्या मधोमध उभे होते. मी शटर उघडून मोजत होतो.'

कोण मोजत होतं? तू? अरे, तू पुलाच्या पलीकडच्या टोकाला होतास! कानाला मफलर, हातात टॉर्च, आणि काम एवढंच की गाडी आली तर तिला अडवायची आणि वेळ झाली की टॉर्च दाखवायचा. कॅमेऱ्याजवळ मी होते. शटर उघडं ठेवणाऱ्या केबलचं बटण दाबून अडकत नव्हतं, खिळखिळं झालं होतं, म्हणून ते अंगठ्याने दाबून धरलं होतं मी. दोन दिवस अंगठा वाकत नव्हता. मोजलं मी, फिल्म धुतली मी, पहिला प्रिंट काढला मी. तू तो वाळायच्या आत हातात घेतलास, एवढंच तुझं कर्तृत्व.

बाबांनी कॅमेरा तुझ्याच गळ्यात घातला होता, ते तर मी पोटात घातलं. 'हिला काय, लग्न करून जाईल' म्हणाले. मी कुठे गेले? याच स्टुडिओत आहे. दिवसभर लोकांना सांगते, हनुवटी खाली, कान दिसू द्या, हसू नका. बाबांचं 'हलू नका' मात्र मी म्हणत नाही. आता कॅमेरे एवढे झटपट झालेत की हललं तरी कुणाचं काही बिघडत नाही.

गेल्या महिन्यात आई गेली तेव्हा तू आला नाहीस. आई तुझ्याशी का बोलत नव्हती ते तुला माहीत आहे, मी उकरून काढत नाही. पण आता आई नाही, म्हणून मला बोलता येतं. निगेटिव्ह देते. अट एकच. फोटोखाली माझं नाव हवं. छायाचित्र: मी. तुझं नाव टॉर्चवाला म्हणून घाल हवं तर.

ताई


२३ ऑक्टोबर

धाकट्या,

मी पत्र लिहिते आणि तू मोबाइलवर दीड ओळ टाकतोस. 'ताई, एवढ्या वर्षांनी आठवणीत घोटाळा होतो. मीच मोजत होतो. विषय वाढवू नकोस.' फोन करू का, असंही विचारलंस. नको. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि माझं राहून जातं. लिहिताना मला कुणी तोडत नाही.

घोटाळा म्हणे! ज्या बाईने तीस वर्षं लोकांचे चेहरे लक्षात ठेवून पाकिटं हातात दिली, तिच्या आठवणीत घोटाळा. मी तुझ्यासारखी कार्यक्रमांत भाषणं करत फिरत नाही, पण माझं डोकं ठिकाणावर आहे. आणि आता ते मी तुला सिद्ध करून दाखवणार आहे. हसू नकोस.

आपण कसं मोजायचो ते आठवतं? बाबांनी दोघांना शिकवलं होतं: साठपर्यंत मोजायचं, एक बोट मिटायचं, पुन्हा एकपासून. दोन्ही मुठी मिटल्या की दहा मिनिटं. तू तसंच मोजायचास, पोपटासारखं. मला ते कधी पटलं नाही. एवढं साठपर्यंत आल्यावर पुन्हा एकवर कशाला जायचं? मी सरळ पुढे जायची. एकसष्ट, बासष्ट, शंभर, दोनशे. बाबा वैतागायचे. म्हणायचे, 'अगं, "सात" म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात "दोनशे सदुसष्ट" म्हणून होतं का? तुझं मिनिट माझ्या मिनिटाहून लठ्ठ आहे.' डार्करूममध्ये माझे प्रिंट नेहमी काळे यायचे ते त्यामुळेच, हे त्यांनी मला दहादा सांगितलं. आणि मी दहादा ऐकलं नाही. शिवाय पुलावर अंगठा बटणावर होता, बोटं मिटणार कशी? तेव्हा मी सहाशेपर्यंत मोजलं. सरळ. एकही आकडा न गाळता.

मग यातून कळतं काय? तू मोजलं असशील तर फोटो दहा मिनिटांचा. मी मोजलं असेन तर जास्त. आणि तो किती मिनिटांचा आहे हे फोटोतच लिहिलेलं आहे, कारण वर आकाश आहे. शटर उघडं असताना तारे सरकतात. ठिपक्याची रेघ होते. जेवढा वेळ, तेवढी रेघ. तारे तुझ्या बाजूचेही नाहीत आणि माझ्याही.

त्यासाठी मला आधी रात्रीचे फोटो पुन्हा काढता यायला हवेत. रोज त्याच दोन दिव्यांखाली तेच पांढऱ्या पडद्यावरचे चेहरे काढून माझा हात बसलाय. म्हणून गेला आठवडाभर गच्चीवर धडपड चालू आहे. नव्या कॅमेऱ्याला रिंग लावून बाबांची जुनी लेन्स बसवली. पहिल्या रात्री दहा मिनिटं उघडा ठेवला तर तारे थरथरलेले, जणू मीच हलवत बसले होते. स्टँड घट्ट, वारा नाही, तरी का हे? तीन रात्री डोकं फोडलं. शेवटी कळलं की कॅमेऱ्यात एक यंत्रणा असते, हात हलला तर सावरणारी. स्टँडवर ठेवल्यावर ती बंद करायची असते. नाहीतर काहीच हलत नसताना ती सावरायला जाते, आणि त्यानेच फोटो हलतो. वाचून मला तू आठवलास. का ते विचारू नकोस.

खालचा घड्याळजी गच्चीवर येऊन बसतो. आपल्या स्टुडिओशेजारी त्याचं दुकान आहे, तू गेल्यावर आला तो. बायको गेल्यापासून त्याला झोप नाही. मी मोजत होते ते ऐकून म्हणाला, 'बाई, तुमचं मिनिट माझ्याकडे दुरुस्तीला टाका. स्प्रिंग ढिली आहे.' मी म्हटलं, स्प्रिंग माझी आहे, राहू दे ढिली.

ताई


१७ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. प्रकाशकाच्या बाईंचा मात्र फोन आला, फार गोड बोलल्या. 'तुमच्या भावाने तुमच्याबद्दल खूप सांगितलंय.' मी विचारलं, काय सांगितलंय? तर म्हणाल्या, 'तुम्ही स्टुडिओ सांभाळता.' झालं. एकतीस वर्षांची किंमत तीन शब्द.

असो. मोजणीचा निकाल ऐक. घड्याळजीने स्टॉपवॉच धरलं, मी डोळे मिटून एक ते सहाशे म्हटले, तेव्हा म्हटले असते तसे. चौदा मिनिटं बारा सेकंद. शंभरापर्यंत मी घड्याळाबरोबर होते, मग मागे पडत गेले. 'तीनशे एकोणऐंशी' म्हणताना तर घड्याळजीला जांभई आली. मग बाबांच्या पद्धतीने, बोटं मिटत, त्याने मोजलं. दहा मिनिटं सहा सेकंद. तुझं दहा, माझं चौदा. आता तारे काय म्हणतात ते बघायचं.

त्यासाठी मला तोच तारा हवा. सगळे तारे सारखे सरकत नाहीत. फोटोत पुलाच्या उजव्या खांबावर एक ठळक रेघ आहे, ती ज्याची, तो. तो त्या खांबावर त्याच तारखेला, त्याच वेळी येतो. म्हणून नऊ डिसेंबरला पुलावर जायचं, तिथूनच, त्याच लेन्सने. तेव्हाची फिल्म आता मिळत नाही, पण रेघेला फिल्मचं सोयरसुतक नाही. दहा मिनिटांचा एक फोटो घड्याळ लावून, म्हणजे दहा मिनिटांची रेघ किती लांब ते कळेल. दुसरा माझ्या मोजणीने. मग मूळ निगेटिव्हचा तेवढ्याच आकाराचा प्रिंट काढून पट्टी लावायची. आधी निगेटिव्ह उघडणार नाही, नाहीतर म्हणशील ताईने आकडे जुळवले.

नवा पूल झाल्यापासून जुना बंदच आहे. दिवे नाहीत, गाड्या नाहीत. कठड्याला गंज चढलाय. तुझ्या टॉर्चची या वेळी गरज नाही.

नव्या कॅमेऱ्याची आणखी एक गंमत सांगते. दहा मिनिटांचा फोटो काढला की तो आणखी दहा मिनिटं काहीच करू देत नाही. पडदा बंद करून अंधाराचा फोटो काढत बसतो. कशाला? तर त्याच्या स्वतःच्या आत जे खोटे ठिपके उमटतात, ते ओळखून खऱ्या फोटोतून वजा करायला. मला हे फार आवडलं. माणसांना अशी सोय असती तर तुझ्या भाषणांतून काय उरलं असतं, याचा विचार करून मी गच्चीवर एकटीच हसले.

आई गेल्याचं कळलं तेव्हा तू विचारलं होतंस, तीन दिवसांनी का कळवलंस. कळवायला उशीर झाला, मान्य. माझी धावपळ होती. एकटीने सगळं निस्तरलं मी. आणि तू लगेच निघालाही असतास तरी काय, ती तुझं तोंड बघायला तयार नव्हती हे तुलाही ठाऊक आहे.

फोटोबद्दल लोकांनी काय काय लिहिलंय ते मी वाचलंय बरं का. बाबांच्या डाव्या खांद्याला दुहेरी कड आहे ना, तिला कुणीतरी 'रात्रीत विरघळणारा बाप' म्हटलं होतं. तू ते कात्रण फ्रेम करून लावलंयस म्हणे. अरे, ती थंडी होती. बाबा कुडकुडत होते. अंगात दोन दिवसांचा ताप होता, त्यात नदीवरचं वारं. एवढं साधं तुला त्यांना सांगता आलं नाही?

ताई


१२ डिसेंबर

धाकट्या,

नऊ तारखेला गेलो. आभाळ स्वच्छ होतं.

घड्याळजी हट्टाने आला आणि बाबांच्या जागी उभा राहिला. म्हणे, मधे माणूस नसेल तर फोटोत बघायचं काय. पहिला फोटो दहा मिनिटांचा, स्टॉपवॉच लावून. उत्तम आला. आपल्या नेहमीच्या मोठ्या आकारात प्रिंट काढला, त्या ताऱ्याची रेघ बावीस मिलिमीटर.

दुसरा फोटो फुकट गेला. घड्याळजी हलला.

तरी काही अडत नाही. दहाला बावीस, तर चौदाला एकतीस, हे हिशेबानेच निघतं. काल डबा उघडला आणि निगेटिव्हचा प्रिंट काढला. पट्टी लावली.

बावीस नाही. म्हणजे तू मोजलं नव्हतंस, हे नक्की. ते मला हवं होतं आणि ते मिळालं.

एकतीसही नाही. बेचाळीस आली. माझी पट्टी जुनी आहे, टोकाला झिजलीय. किंवा प्रिंट मोठा करताना एन्लार्जर घसरला असेल. पुन्हा मोजीन. पण तू नव्हतास, एवढं तारे सांगतात. नाव कधी छापतोस ते कळव.

ताई


२८ डिसेंबर

धाकट्या,

तुझा मेसेज सोळा तारखेला आला. तोंडपाठ आहे मला. 'पट्टी बरोबर आहे, ताई. माझ्या प्रिंटवर मी वीस वर्षांपूर्वीच मोजलं. एकोणीस मिनिटं. आता तरी सोड.'

दुकानात एक बाई बाळाचा फोटो काढायला बसली होती. तिला म्हटलं, उद्या या. शटर ओढून घेतलं आणि आत बसून राहिले. वीस वर्षं तुला माहीत होतं. माहीत असून तू जगभर सांगत फिरलास, मी मोजत होतो, मी मोजत होतो. आणि मी इथे दात-ओठ खात बसले की हा चोर आहे.

आधी खोटं बोलले ते सांगते. नऊ तारखेला घड्याळजी हलला नव्हता. काठीसारखा उभा होता बिचारा. मी चारशे दहावर होते तेव्हा त्याने तिकडून विचारलं, 'झालं का हो, बाई?' बस, एवढंच. माझा अंगठा आपोआप सुटला. तो म्हणाला, अहो, मी सहज विचारलं, चालू द्या. मी म्हटलं, नाही, घरी चला.

कारण बाबांनीही विचारलं होतं.

आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

त्या दिवशी संध्याकाळी जेवताना बाबांनी कॅमेऱ्याचं सांगितलं. धाकट्याला देतो, हिला काय, लग्न करून जाईल. तू खाली मान घालून जेवत होतास. आई म्हणाली, खरंच आहे. त्यानंतर तीन तासांनी आपण पुलावर होतो, आणि त्याच कॅमेऱ्याची केबल माझ्या हातात होती. बाबा आजारी असून आले, कारण आभाळ तेवढं स्वच्छ पुन्हा मिळणार नव्हतं. दहा मिनिटं ठरली होती. जास्त नाही, म्हणाले होते, पाय धरतात.

चारशेच्या आसपास तुझा टॉर्च दिसला. दोनदा उघडझाप, म्हणजे दहा मिनिटं झाली. मला वाटलं, हा नेहमीच घाई करतो. माझे सहाशे कुठे झालेत? तू पुन्हा दाखवलास. पुन्हा. फोटोत पलीकडच्या काठावर जे ठिपके आहेत, ज्यांना लोक झोपडीतला दिवा म्हणतात, तो तू आहेस. मला थांब म्हणणारा तू. ते छापून आलंय, आणि कुणाला दिसलं नाही.

सहाशे झाले. इथपर्यंत मी चुकले होते असं म्हणता येतं. लठ्ठ मिनिटं, बाबा म्हणायचे तशी. म्हणून मी आयुष्यभर सहाशे सहाशे करत बसले. स्वतःचीच समजूत घातली, तुझ्याशीही तेच भांडले. पण सहाशेला मी बटण सोडलं नाही. सहाशे एक म्हटलं. का ते मला तेव्हाही माहीत होतं. मला त्यांना उभं ठेवायचं होतं. कॅमेरा त्याला देता ना, मग राहा उभे. एवढाच विचार होता. लाज वाटते लिहायला, पण एवढाच होता.

साडेसहाशेच्या पुढे कुठेतरी बाबा बोलले. ओठ न हलवता, फोटो बिघडू नये म्हणून. 'झालं का गं?'

आणि मी म्हटलं, 'हलू नका, बाबा.'

त्यांचंच वाक्य. गिऱ्हाइकांना म्हणायचे त्याच आवाजात म्हटलं. ते हलले नाहीत. जन्मभर दुसऱ्यांना दटावलेला माणूस, स्वतः कसा हलेल? मी आठशेवर सोडलं. परत येताना ते माझ्या खांद्यावर हात टाकून चालत होते आणि म्हणाले, 'फोटो चांगला येईल बघ.' मला वाटतं त्यांना कळलं होतं. कधी वाटतं, नव्हतं कळलं. दोन्हींतलं कुठलं बरं, ते अजून ठरलेलं नाही.

अकरा दिवसांनी, वीस तारखेला गेले. दवाखान्याच्या जिन्याखाली आईने विचारलं, 'ताप असताना एवढा वेळ कोणी उभं केलं यांना? कोण मोजत होतं?' मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात तू म्हणालास, 'मी. मोजण्यात चुकलं माझं.' आणि मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

त्याचे उपकार मानायला हवेत, हे मला कळतं. पण मला तुझा राग येतो, धाकट्या. अजून येतो. तू मला विचारलं नाहीस. एक वाक्य बोलून मोकळा झालास, आणि ते वाक्य मला जन्मभर घशाखाली उतरलं नाही. आई तुझ्याशी बोलायची थांबली, तू निघून गेलास, आणि तिच्या ताटासमोर रोज बसायला राहिले मी. ती तुला बोल लावायची आणि मी वाढत राहायची. मग तुझ्या फोटोला बक्षीस मिळालं. जो दोष म्हणून तू घेतलास त्याचं कौतुक झालं, आणि मी ते कौतुक मागूही शकत नव्हते, कारण मागितलं असतं तर आईला कळलं असतं. ती गेली आणि मी महिन्याभरात तुझ्यावर दावा ठोकायला निघाले. अशी आहे तुझी ताई.

आईचंही सांगते. शेवटच्या आठवड्यात ती दोनदा म्हणाली, 'त्याला बोलाव.' मी हो म्हटलं आणि बोलावलं नाही. धावपळ वगैरे काही नव्हती. तुम्ही दोघं एका खोलीत बसलात तर ती तुला माफ करील आणि तू तिला खरं सांगशील, ही भीती होती. तिला शेवटी मी वेगळी दिसले असते. म्हणून तीन दिवसांनी कळवलं. तुला तिचं तोंड दिसलं नाही ते तिच्यामुळे नाही, माझ्यामुळे. ती तयार होती.

वीस तारखेला पुन्हा पुलावर गेले. या वेळी केबल घड्याळजीच्या हातात दिली आणि बाबांच्या जागी मी उभी राहिले. सांगितलं, एकोणीस मिनिटं, घड्याळ लावून, मी काहीही बोलले तरी सोडायचं नाही. पाच मिनिटांपर्यंत काही वाटत नाही. आठव्याला गुडघ्यांच्या मागे वारं शिरतं. दहाव्याला माणूस वाट बघायला लागतो, कारण दहा ठरलेली असतात. त्यानंतरचा प्रत्येक सेकंद मोजावा लागतो. मी साठपर्यंत मोजून बोट मिटत होते, बाबांसारखी. चौदाव्याला दात वाजायला लागले. पंधराव्याला मी ओरडले, झालं का? घड्याळजी भला माणूस, पण शब्दाचा पक्का. त्याने सोडलं नाही. मला अंगात ताप नव्हता, तरी परत येताना त्याचा हात धरावा लागला.

प्रिंट काढला. माझ्याही डाव्या खांद्याला दुहेरी कड आली आहे. वारा त्याच बाजूने येतो.

निगेटिव्ह सोबत पाठवते आहे, दोन पुठ्ठ्यांमध्ये. कडेने धर, बोटाचा ठसा उमटतो. खाली माझं नाव हवंच, ती अट सोडलेली नाही. ऑक्टोबरमध्ये मला ते नाव तुझ्या हातून ओढून घ्यायचं होतं. आता ते आईच्या जिन्याखालच्या प्रश्नाला उत्तर म्हणून द्यायचं आहे, विचारणारी नसली तरी. तुझा मजकूर खोडून हा छाप, आणि 'ताई जाऊ दे' म्हणून एक शब्दही सौम्य करू नकोस:

'डिसेंबरची रात्र. वडिलांना ताप होता. भाऊ पलीकडून थांब म्हणून टॉर्च दाखवत होता. बहीण मोजत होती. दहा मिनिटं ठरली होती, तिने आठशेपर्यंत मोजलं.'

छापून आलं की एक प्रत पाठव. फोन करू नकोस. तू काही बोलशील आणि मी पुन्हा गप्प बसेन.

ताई